इंटरफेसचा करार आणि तिसरा पाहुणा



मोबाइलवरचे अ‍ॅप एक चमू लिहितो, त्याला माहिती पुरवणारा सर्व्हर दुसरा. एकाने एखाद्या नोंदीचे नाव बदलले आणि दुसऱ्यास ते कळले नाही, तर वापरणाऱ्यापुढे कोरा पडदा उभा राहतो. २०१२ साली फेसबुकमध्ये आयफोनच्या अ‍ॅपची नव्याने बांधणी होत असताना ली बायरन, निक श्रॉक आणि डॅन शेफर यांनी ग्राफक्यूएल रचली. २०१५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. तिचा कणा म्हणजे स्कीमा. सर्व्हर काय देईल, कोणत्या टाइपचे देईल आणि कोणती जागा कधीच रिकामी ठेवणार नाही, याचा तो लेखी करार होय.

करार लेखी असल्यावर त्याची नक्कल हाताने उतरवण्याचे कारण उरत नाही. स्कीमा आणि अ‍ॅपची विचारणा एकत्र वाचून जनरेटर टाइपस्क्रिप्ट, स्विफ्ट वा कोटलिनमधील टाइप स्वतःच लिहितो. बरीचशी चूक मग कंपायलरपाशीच अडते.

खरी कसोटी इंटरफेसपाशी लागते. ग्राफक्यूएलच्या अधिकृत मार्गदर्शिकेत ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांचे उदाहरण आहे. ‘कॅरेक्टर’ हा इंटरफेस. ‘ह्यूमन’ आणि ‘ड्रॉइड’ हे तो पाळणारे टाइप. नाव दोघांनाही आहे. नेमून दिलेले मुख्य काम मात्र ड्रॉइडलाच. (माणसाला ते नसावे, हे मार्मिकच!) म्हणून जनरेटर नाव थेट हाती देतो, परंतु मुख्य काम हवे असल्यास समोरचा ड्रॉइडच आहे ना, हे आधी तपासायला भाग पाडतो. स्विफ्टसाठी अपोलोचा जनरेटर ‘अ‍ॅज-ड्रॉइड’ हा गुणधर्म घडवतो आणि तो रिकामा असू शकतो, हेही टाइपातच नोंदवतो.

उद्या सर्व्हरने तिसरा टाइप आणला तर? करारभंग झालेला नाही. इंटरफेस त्यानेही पाळला आहे. परंतु ज्या फोनांत सहा महिन्यांपूर्वीचा कोड आहे, त्याच्या जगात दोनच टाइप आहेत. टाइपस्क्रिप्टमधील टाइप तर अ‍ॅप चालू होण्यापूर्वीच पुसले गेलेले असतात. ‘ह्यूमन नाही, म्हणजे ड्रॉइडच’ ही ओळ कंपायलर बिनतक्रार स्वीकारतो. ती कोसळते ग्राहकाच्या हातात. तपासणीची साधने अशा बदलाला ‘मोडणारा’ न म्हणता ‘धोकादायक’ म्हणतात, ते योग्यच.

जाणते प्रोग्रामर यासाठी आणखी एक फांदी राखून ठेवतात. अनोळखी टाइप आला, तर त्याचे नाव तेवढे दाखवायचे. ते देण्याचे इंटरफेसने कबूल केलेलेच असते.