खानदेश आणि त्याचा समुद्र



आजच्या व्याख्यानाचा विषय आम्ही कळविला, तेव्हा चिटणीसांचे पत्र आले की, 'खानदेश आणि त्याचा समुद्र' असे जे आपण लिहिले आहे, त्यात काही लेखनप्रमाद तर नाही ना? त्यांची शंका रास्त होती. धुळ्याच्या माणसास समुद्र पाहावयाचा तर मुंबईस तरी जावे लागते, नाही तर सुरतेपलीकडे डुमसला. आपल्या जिल्ह्यांच्या नकाशात निळा पट्टा कोठेच नाही. तरीही आम्ही विषय बदलला नाही. खानदेशाला किनारा नाही, परंतु समुद्र मात्र आहे, आणि तो समुद्र वजा केला तर या प्रदेशाचा इतिहासही कळत नाही आणि आजची अडचणही कळत नाही, असे आमचे मत आहे. ते आपणांस पटवून देण्याचा आज यत्न करावयाचा आहे.

प्रथम भूमीकडे पाहू. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची आणि सातमाळ्याची रांग, पश्चिमेस सह्याद्रीची टोके आणि मध्ये तापीचे लांबट खोरे. महाराष्ट्रातील मोठ्या नद्या बहुतेक पूर्वेस वळतात. गोदा, भीमा, कृष्णा यांचा उगम पश्चिम सागराच्या इतक्या जवळ असूनही त्या सारा दक्षिण देश ओलांडून पूर्वसमुद्रास जातात. तापीचा न्याय उलटा. ती मध्यप्रदेशात बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ उगम पावते आणि ७२४ किलोमीटर पश्चिमेकडेच धावून सुरतेखाली खंबायतच्या आखातात मिळते. भूमीचा पट्टा खचून झालेल्या खोलगट भागातून नर्मदा आणि तापी या दोघी बहिणी वाहतात, असे भूशास्त्रज्ञ सांगतात. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, त्याचा काळा खडक आपल्या पायांखाली आहे. धुळे-नंदुरबारकडे शेतांतून मैल मैल गेलेल्या काळ्या दगडी भिंती दिसतात. त्या कोणा राजाने बांधलेल्या नाहीत. भूमीला पडलेल्या भेगांत तो लाव्हा थिजला, आणि भोवतालचा मऊ खडक झिजून गेल्यावर भिंती उभ्या राहिल्या. आणि या खडकावर नदीने शेकडो हात जाड गाळ आणून टाकला. ती आपली काळी कपाशीची आणि केळीची जमीन.

आता एक आकडा ध्यानात ठेवावा. तापीच्या खोऱ्याचे क्षेत्र सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर आहे, आणि त्यांपैकी सुमारे साडेएक्कावन्न हजार महाराष्ट्रात आहे. गुजराथेत चार हजारही नाही. म्हणजे नदीचे मुख त्यांच्याकडे आणि तिचे अंग आपल्याकडे. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा दक्षिणेकडून येतात. सुकी, मोर, अनेर, अरुणावती, गोमाई सातपुड्यातून उतरतात. या सर्वांचे पाणी अखेर सुरतेच्या पुलाखालून जाते.

अशा भूमीत वाट कोठे फुटावयाची, हे नदीनेच ठरविले. तापी नौकानयनाची नदी नव्हे. खडक आणि उथळ पात्र यांमुळे सुरतेवर फार दूर होडी चढत नाही. परंतु तिच्या काठाने गाडीबैल चालू शकतो. गोमाईच्या संगमावर प्रकाशे आहे. भाविक त्यास दक्षिणकाशी म्हणतात. तेथे १९५४-५५ साली उत्खनन झाले, तेव्हा ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर निघाले, आणि त्यांत शंखशिंपल्याचे मणीही मिळाले. शिंपला शेतात पिकत नाही. तो समुद्राकडून आला. म्हणजे ही वाट आपल्या कोणत्याही राजवटीपेक्षा जुनी आहे.

यादवांचा हा सेउणदेश. चाळीसगावाजवळ पाटणे येथील शिलालेखात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ चालविल्याचे लिहिले आहे. निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने त्या मठास दान दिले. हा लेख तेराव्या शतकाच्या आरंभीचा. ज्या देशात गणिताच्या मठास राजे जमीन तोडून देतात, त्यास कोणी रानटी मुलूख म्हणू नये.

पुढे चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात मलिक राजाने तापीकाठच्या थाळनेरास फारुकी घराण्याचे राज्य उभे केले. त्याचा मुलगा नसीरखान याने अशीरगड घेतला आणि बऱ्हाणपूर वसविले. 'खान' या पदवीवरून खानदेश हे नाव पडले, असे पुष्कळ जण मानतात. कोणी कान्हदेश म्हणतात, कोणी सेउणदेश. वाद चालू द्यावा. महत्त्वाचे हे की, सुमारे सव्वादोनशे वर्षे या राज्याचे जीवित एका रस्त्यावर अवलंबून होते. त्याचे एक टोक बऱ्हाणपूर आणि दुसरे सुरत. १६०१ साली अकबराने अशीरगड घेतला, तो काही केवळ गडाच्या हौसेने नव्हे. उत्तरेतून दक्षिणेत उतरणारी खिंड आणि समुद्राकडे जाणारी वाट, दोहोंच्या किल्ल्या तेथे होत्या.

त्या रस्त्यावरून कोण गेले नाही? इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली सुरतेस उतरला आणि याच वाटेने बऱ्हाणपुरास शहाजादा परवीझ याच्या भेटीस गेला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने या वाटेवरचे मुक्काम लिहून ठेवले आहेत, त्यांत नंदुरबार, थाळनेर, चोपडे ही आपली गावे स्पष्ट ओळखू येतात. लमाणांचे तांडे हजारो बैल घेऊन येथून जात. धरणगाव, चोपडे, नंदुरबार येथील सुती कापड सुरतेच्या बंदरात जाई. धरणगावास इंग्रजांची वखार होती, आणि शिवाजीमहाराजांच्या फौजांनी १६७५ च्या सुमारास धरणगाव लुटले, ते तेथे लुटण्यासारखे होते म्हणूनच.

परंतु वाटेवरून वैभव येते तशी विपत्तीही येते. १६३० ते १६३२ या काळात गुजराथ, खानदेश आणि दख्खन यांवर घोर दुष्काळ कोसळला. पीटर मंडी हा इंग्रज १६३० च्या अखेरीस सुरतेहून बऱ्हाणपुरास निघाला. वाटेत त्याने प्रेतांनी भरलेले रस्ते आणि ओसाड गावे पाहिली, आणि जवळच बादशाही छावणीसाठी धान्याने लादलेले बैल जाताना पाहिले. श्रोतेहो, धान्य रस्त्यावर होते, माणसे रस्त्याच्या कडेस मरत होती. टंचाई ही नुसत्या पावसाची करणी नसते, वाटपाचीही असते. हा धागा आपण पुढे पुन्हा हाती घेणार आहोत.

१८१८ साली इंग्रज आले. थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम यास त्यांनी फासावर चढविले. कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे केले. आपल्या शहरातील सरळ रेषेतील गल्ल्या आणि त्यांचे क्रमांक ही त्या आखणीची खूण होय. सातपुड्यातील भिल्लांशी इंग्रजांनी आधी लढाई केली आणि १८२५ पासून औट्रॅमकरवी त्यांचीच पलटण उभारली. तरीही खाज्या नाईकाच्या अनुयायांनी १८५८ साली अंबापाणीस इंग्रजांशी झुंज दिली. सावदे, फैजपूर, एरंडोल, चोपडे या भागांतील कुणब्यांनीही १८५२ साली जमीनमोजणीस उघड विरोध केला होता. खानदेशी माणूस मुकाट असतो, हा समज खरा नव्हे. १९३६ च्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे खेड्यातील पहिले अधिवेशन फैजपुरास भरले, ती याच मातीची परंपरा.

मग आगगाडी आली आणि खानदेशाचा समुद्रच बदलला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसास सोन्याचा भाव आला, आणि त्याच सुमारास मुंबईची लोहवाट भुसावळास पोहोचली. कापूस सुरतेस न जाता मुंबईस जाऊ लागला. थाळनेर, चोपडे मागे पडली. जळगाव, भुसावळ पुढे आली. १९०० च्या सुमारास सुरतेहून नंदुरबारमार्गे अमळनेरपर्यंत तापीकाठची लोहवाट झाली, चाळीसगावाहून धुळ्यासही गाडी आली. परंतु तोवर मुंबई हेच आपले बंदर ठरून गेले होते. १९०६ साली कारभाराच्या सोयीसाठी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवा या बाजूची काही गावे गुजराथेस गेली. १९९८ साली नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला. रेघा बदलल्या, परंतु भाषेने जुनी वाट विसरलेली नाही. आपल्या अहिराणीतील 'शे' आणि गुजरातीतील 'छे' शेजारी ठेवून पाहावे. घाटावरच्या माणसास जे चमत्कारिक वाटते, त्यातच आपला भूगोल बोलत असतो.

येथवर ऐकून आपण म्हणाल, हे सारे ठीक, पण त्याचा आज काय उपयोग? उपयोग आहे, आणि त्याचसाठी आम्ही येथवर आलो. वाटेचा समुद्र बदलला, पाण्याचा समुद्र बदललेला नाही. कापूस मुंबईस गेला तरी तापी सुरतेसच जाते. १९७२ साली उकाईचे धरण झाले आणि त्याचा फुगवटा आपल्या नवापूर तालुक्यास येऊन भिडला. २००६ च्या ऑगस्टमध्ये सुरत बुडाली, तेव्हा तेथे शिरलेल्या पाण्यात खानदेशावर पडलेला पाऊस होता. आणि त्याच खानदेशात, यावल-रावेरच्या केळीच्या बागांत, विहिरी आटून कूपनलिका वर्षानुवर्षे अधिकाधिक खोल जात आहेत. पूर खाली आणि तहान वर, असा हा प्रकार आहे.

यावर उपाय नाहीत असे नव्हे. हतनूरचे धरण झाले, सुलवाडे, सारंगखेडे, प्रकाशे येथे तापीवर बंधारे झाले. पाणी अडले, परंतु ते उचलून शेतापर्यंत नेण्याचे काम बरीच वर्षे मागे राहिले. पुराचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याने कालव्यांनी नेऊन भूगर्भात मुरवावे, या योजनेसाठी महाराष्ट्र आणि मध्यप्रदेश यांच्यात २०२५ साली करार झाला. कल्पना उत्तम आहे, आणि ती अगदीच नवीही नाही. १६१५ च्या सुमारास बऱ्हाणपुरास सातपुड्याचे मुरलेले पाणी भुयारी नळांनी आणि ओळीने खोदलेल्या कुंड्यांनी शहरात आणले गेले. ती कुंडी भंडारा अजून पाहावयास मिळते. डोंगर पाणी साठवितो, हे आपल्या पूर्वजांस ठाऊक होते.

परंतु साठविण्याइतकाच वाटण्याचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या पांझरेच्या काठीच लिहिलेले आहे. ते उत्तर म्हणजे फड. नदीला बंधारा, बंधाऱ्यापासून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. प्रत्येक फडात एका वेळी एकच पीक. कोणते, ते सर्वांनी मिळून ठरवावयाचे. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा बहुधा प्रत्येक फडात असे. पाणी सोडणारा पाटकरी गावाने नेमलेला, आणि मालकास मध्येच पाट फोडण्याची मुभा नाही. पाऊस कमी झाला तर एखादा फड कोरडा ठेवीत. तुकडे सर्वांचेच असल्यामुळे तोटाही सर्वांचा, आणि जे भिजले तेही सर्वांचे. ही व्यवस्था काही शतके चालली. विश्वेश्वरय्या १८८४ साली तरुण अभियंता म्हणून या भागात आले. दातर्तीजवळ पांझरेच्या प्रवाहाखालून पाण्याचा नळ नेण्याचे काम त्यांच्या पहिल्या कामांपैकी होय. पुढे नीरेच्या कालव्यावर त्यांनी जमिनीचे गट पाडून पाणी देण्याची पद्धत सुचविली. ती येथूनच घेतली असे आम्ही म्हणत नाही, परंतु साम्य कोणाच्याही ध्यानात यावे.

काही वर्षांपूर्वी साक्रीकडे अशा एका जुन्या बंधाऱ्यावर आम्ही गेलो होतो. बंधाऱ्याची चिरेबंदी शाबूत होती, पाट गवताने भरला होता. काठावर एक म्हातारे गृहस्थ बसलेले. एके काळी पाटकरी होते. आम्ही विचारले, "आबा, पाणी येत नाही का आता?" ते म्हणाले, "पानी शे भाऊ, वाटनारा कोनी ऱ्हायना नही." वरच्या धरणांनी नदीचे मान बदलले, ज्याने त्याने आपली विहीर आणि आपला पंप केला, ऊस आला, आणि फडाची सभा भरेनाशी झाली. त्यात कोणा एकाचा दोष आम्ही काढीत नाही. आम्हीही शहरात राहतो, नळ सुटला की बादल्या भरून घेतो आणि पांझरा कोठून येते याची वास्तपुस्त करीत नाही.

तेव्हा आपणांस एवढेच सांगावयाचे आहे. धरणे, कालवे, करार यांची मागणी जरूर करावी. आपल्या हक्काचे पाणी मागण्यात लाज नाही. परंतु पाणी गावाच्या वेशीस आले म्हणजे ते कोणत्या रीतीने वाटावयाचे, हे आधी ठरवून ठेवावे. मुंबईच्या कचेरीत किंवा सुरतेच्या बंदरात ते ठरत नाही. ते बंधाऱ्यावर बसून, शेवटच्या शेतकऱ्यास जवळ बसवून ठरवावे लागते. १६३० साली धान्याचे बैल मरणाऱ्या माणसांशेजारून गेले. आपल्या शेताशेजारून पाणी तसे जाऊ नये, आणि आपण ते शेजाऱ्याच्या शेताशेजारून तसे नेऊ नये.

उद्या सकाळी आपणांपैकी कोणी पांझरेच्या पुलावरून जाईल. उन्हाळा आहे, पात्र कोरडे असेल. क्षणभर थांबून पश्चिमेकडे पाहावे. पावसाळ्यात येथे पडणारा थेंब मुडावदजवळ तापीस मिळतो आणि समुद्रास जातो. त्याला वाटेत किती शेतांचा आणि किती घरांचा पाहुणचार घडावा, हे आपल्या हाती आहे.