विक्रीची उमेदवारी



आपली शिकलेली मुले नोकरीआधी एखाद्या कंपनीत उमेदवारी करतात. दोन-तीन महिने काम शिकतात. कोणी बियाणे विकतो, कोणी पाण्याची मोटार. गावोगाव हिंडून माल विकणे हीसुद्धा विद्याच आहे. ती कशी शिकावी, ते आज आम्ही सांगणार आहोत.

पुष्कळांना वाटते, ज्याची जीभ चालते त्याचा माल खपतो. आम्हाला तसे वाटत नाही. गोड बोलून माल एकदाच खपतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर केले. पण गिऱ्हाईक मिळेना! लोखंडाने जमिनीला विष होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे गेली. समजूत चुकीची होती, पण काळजी खरी होती. जमीन बिघडली तर खायचे काय?

म्हणून उमेदवाराने आधी ऐकावे. जमीन कोणती, पाणी किती, मागच्या साली काय नडले, हे विचारावे. मग बोलावे. बोलेल ते दाखवावे. सोयाबीनचे बियाणे विकायचे आहे ना? मग ओल्या गोणपाटावर १०० दाणे मांडावे. गोणपाट गुंडाळून ओले ठेवावे. सहा-सात दिवसांनी शेतकऱ्यासमोर कोंब मोजावे. ७० किंवा जास्त दाणे उगवले तर बियाणे चांगले. कमी उगवले तर तसे सांगावे.

इथेच खरी परीक्षा असते. साहेब म्हणतो, इतका माल खपलाच पाहिजे. इकडे शेतकऱ्याचे सबंध साल त्या पिशवीवर असते. खरे बोलून उमेदवाराची एक विक्री जाईल. खोटे बोलला तर एक घर कर्जात जाईल. तेव्हा खोटे बोलून विकू नये.

माल दिला की पावती द्यावी. पावती, पिशवी आणि थोडे बियाणे पीक हाती येईपर्यंत जपा, असे सांगावे. कोण भेटले, काय म्हणाले, ते वहीत लिहावे. पेरणीनंतर पुन्हा त्या बांधावर जावे. ज्याला परत जायची भीती वाटत नाही, तोच विक्री शिकला.

मंडळी, तुम्हीही आता वाचायला शिकलात. असा पोरगा दाराशी आला तर हाकलू नका. त्याला पाणी द्या. पिशवीवरची चिठ्ठी वाचा, मुदत वाचा. मग त्याला प्रश्न विचारा. तुमच्या प्रश्नांनीच तो शहाणा होईल, आणि तुम्हीही फसणार नाही.