निवृत्तीचे दिवस आणि सुईदोरा
(भाषणाचा संक्षिप्त पाठ)



२०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती. त्यांच्या हातांतील कौशल्य हे राष्ट्राचे धनच होय.

बंगालचा कांथा, बिहारची सुजनी आणि महाराष्ट्रातील गोधडी या तिन्ही कला जुन्या वस्त्रांचे थर धावदोऱ्याने एकत्र शिवण्यातून विकसित झाल्या. कांथ्यासाठी पूर्वी दोराही जुन्या साडीच्या काठातूनच काढीत. या कामाला भांडवल लागते ते वेळेचे आणि संयमाचे. निवृत्तीनंतर दोन्ही हाताशी असतात. मन रमते आणि निर्मितीचा आनंदही लाभतो.

नक्षी कांथा व सुजनी यांना १९९९ च्या कायद्यान्वये भौगोलिक मानांकन लाभले आहे. परंतु टाका नोंदणीने टिकत नाही. तो शिकविल्यानेच टिकतो. यास्तव आजी-आजोबांनी नातवंडांच्या, मुलग्यांच्याही, हाती सुई द्यावी.