समासातला हिशेब



नाचाचे कपडे घालून मुलं विंगेत खोळंबलीयत, मला दिसतंय. लवकर आटोपतो.

मी परभणीचा. हैदराबाद पहिल्यांदा पाहिलं १९७४ साली, अकरावीची परीक्षा संपल्यावर. वडील म्हणाले, "चल, माझं कॉलेज दाखवतो." मीटरगेजची रात्रीची गाडी, सकाळी काचीगुडा. घरी मोजूनमापून बोलणारे वडील स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याशी दखनीत हुज्जत घालायला लागले. 'हौ' काय, 'नक्को' काय! चार आण्यांसाठी भांडण, आणि चेहरा मात्र खुललेला.

मग इराण्याकडे चहा आणि उस्मानिया बिस्किट. ही बिस्किटं वडिलांच्या उस्मानिया विद्यापीठातच भाजतात, अशी माझी बरेच दिवस समजूत होती.

आर्ट्‌स कॉलेजची गुलाबी ग्रॅनाइटची इमारत तुम्ही येताजाता बघता. आम्हाला तिच्यासमोर मान मागे टाकावी लागली, एवढी ती कमान. १९३९ साली तिचं उद्घाटन झालं. वास्तुरचनाकार बेल्जियमचे, अर्नेस्ट जास्पर. वडिलांनी मला एका खांबाला हात लावायला सांगितलं. "असा खांब कुठं पाहिलास?" मला सुचेना. "अरे, वेरूळला! सहलीत काय नुसते डबेच खाल्ले का?"

वडील शिकत होते तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात, म्हणून ते शिकायला इथं. आमचं स्वतःचं विद्यापीठ निघालं १९५८ साली, म्हणजे माझ्या जन्मसाली. उस्मानिया १९१८ चं. तिथं तेव्हा डॉक्टरी, इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून. त्यासाठी दारुल तर्जुमा नावाचं भाषांतराचं खास खातं होतं. इंग्रजांच्या काळात आपल्या भाषेतून अख्खं विद्यापीठ चालवणं, छातीच लागते हो. पण राज्यातल्या बहुतेकांच्या घरी तेलुगू, मराठी, कानडी होती, तेही विसरून चालत नाही. मला भूमिती शिकवताना वडिलांच्या तोंडून त्रिकोणाऐवजी 'मुसल्लस' निसटायचं, कोनाऐवजी 'जाविया'. आई हसायची.

त्या दिवशी वसतिगृहाजवळ वडील थांबले. १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून मुलांना काढून टाकलं होतं. नागपूर विद्यापीठानं त्यांना सामावून घेतलं. वडील इथं आले ते त्यानंतर, पण सांगताना आवाज खाली गेला. ज्या जागेवर एवढा जीव, तिच्याबद्दलच हे सांगायचं होतं त्यांना. लगेच म्हणाले, "चल, ऊन झालं."

त्यांची भूमितीची वही मी आज बरोबर आणलीय. पानंच्या पानं उर्दूत; त्यातलं मला अक्षर लागत नाही. समासात मात्र मराठीत खानावळीचा हिशेब आहे, तूप जास्तीचं घेतल्याचा. माझं वाचन तेवढ्यावरच थांबलंय. तुमच्यापैकी कुणाला उर्दू वाचता येत असेल, तर बक्षीस समारंभ झाल्यावर मला भेटा. पहिल्या पानावर त्यांनी काहीतरी लिहून दोनदा खोडलंय, ते काय आहे, एवढं बघून सांगा.