खासबागेतलं नाट्यगृह

अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला जाल, तेव्हा देवळापासून थोडं चालून खासबागेतही जरूर जा. तिथे राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर उभारलं. पुढे त्याला कोल्हापूरचे सुपुत्र, ‘ललितकलादर्श’चे गायकनट संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. शेजारीच महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान आहे. मधोमध तांबड्या मातीचा हौदा आणि भोवती उतरती बैठक, त्यामुळे मागच्या माणसालाही कुस्ती स्पष्ट दिसते. नाटक आणि कुस्ती, दोन्हींना एकाच राजाने शेजारी-शेजारी मान दिला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, नाट्यगृह आगीत जळालं. हळहळणाऱ्या कोल्हापूरकरांनी ते पुन्हा उभं राहावं म्हणून आग्रह धरला. असा वारसा आपण सर्वांनीच जपायला हवा.