पोटऱ्यांतली आग

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला चार शब्द बोलायला उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण असे आजवर कधी केले नाही. घरात बोलते ते निराळे. तेव्हा पर्वतीच्या पायऱ्यांवर जे शिकले, तेवढेच सांगते.

२०२३ च्या दिवाळीनंतर आपल्यापैकी काहीजणींनी पहाटे पर्वती चढायचे ठरवले. पायऱ्या १०३. दिवसभर ओट्यापाशी उभी राहणारी बाई मी, मला त्याचे काय, असे वाटले होते. पण पन्नाशीच्या पायरीला मांड्यांत आणि पोटऱ्यांत अशी आग उठली, की कुणी मिरचीची पूड चोळली असावी. मट्‌कन खाली बसले. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या बायका 'काय गं, दमलीस?' म्हणत वर निघून गेल्या. घरी येऊन यांना सांगितले, 'माझे पाय गेले.' हे वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाले, 'गेलेत तर चहा घेऊन कशी आलीस?'

पुढे मंडळात एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांना मी धीर करून विचारलेच. त्या म्हणाल्या, भराभर चढताना स्नायूंना जेवढी शक्ती लागते, तेवढी नुसत्या प्राणवायूवर पुरत नाही. मग स्नायू साखर घाईघाईने वापरतात आणि त्या घाईत आम्लपणा साठतो. आपली चूल आठवा. एकदम लाकडे कोंबली, की जाळ कमी आणि धूर फार. पूर्वी सगळा दोष लॅक्टिक ॲसिडला देत. आता कळले आहे, की त्यातले लॅक्टेट शरीर पुन्हा सरपणासारखे वापरते. वेग कमी केला की थोड्याच वेळात आग ओसरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय ठणकतात ते दुखणे वेगळे. सवय नसताना ताण पडून स्नायूंना बारीक इजा होते, त्याचे ते. आणि गंमत अशी, की ते चढण्यापेक्षा उतरण्याने जास्त होते. मी मात्र उतरताना धावत येत होते, सुटले एकदाची म्हणून!

मग मी रीत बदलली. आधी सपाटीवर पाच-सात मिनिटे चालायचे, मग वीस पायऱ्या. आग लागली की धप्पकन बसायचे नाही. वेग कमी करायचा, थांबलेच तर जागच्या जागी पाय हलवायचे. टाच अधांतरी ठेवायची नाही, सबंध पाऊल पायरीवर टेकायचे, म्हणजे सगळा भार पोटरीवर येत नाही. शेजारणीशी बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग. (आमच्यात काहीजणी कुठल्याही वेगाने बोलू शकतात, ती गोष्ट सोडा.) साडीवर बूट घातले तेव्हा गल्लीत हसले सगळे. हसोत. दीड महिन्याने न बसता देवळापर्यंत पोचले. आग अजूनही लागते, पण पन्नासाव्या पायरीला नाही, नव्वदीला.

आता जे सांगायला खरे तर उभी राहिले, ते सांगते. एवढे कळल्यावर मी शहाणी झाले होते. आमच्या सासूबाई दुधाला जाताना म्हणत, 'पोटरी धरते गं.' मी म्हणे, 'आई, सवय नाही, होईल सवय.' असे तीन महिने गेले. मग एकदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा पाहिले. रस्ता सपाट, चाल हळू, तरी दर वेळी त्याच विजेच्या खांबापाशी त्या थांबत. दोन मिनिटे उभ्या राहिल्या की दुखणे जाई, आणि तेवढेच अंतर चालल्यावर पुन्हा येई. ही माझी पायऱ्यांवरची आग नव्हे, एवढे मला त्या दिवशी उमगले.

डॉक्टरांनी पावलावरची नाडी चाचपली, दंडावर आणि घोट्यावर रक्तदाब मोजला. पायाची रक्तवाहिनी अरुंद झाली होती. बारा वर्षांचा मधुमेह आणि चाळीस वर्षांची मशेरी. आणखी उशीर केला असता तर पायाला जखम होऊन ती भरली नसती, असेही ते म्हणाले. मला त्या रात्री झोप आली नाही. तीन महिने मी त्यांना 'सवय होईल' म्हणत होते.

औषध दिले, मशेरी बंद करायला सांगितली, आणि तिसरी गोष्ट ऐकून मी चकितच झाले: चालायचे! दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, दुखणे गेले की पुन्हा चालायचे, रोज. पण तपासून घेतल्यानंतर, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे. म्हणून सांगते, दर वेळी तेवढ्याच अंतरावर पोटरी धरली, एकच पाय सुजून दुखू लागला, किंवा चढताना छातीत दडपले, तर माझ्यासारख्या शहाणीला विचारू नका, दवाखान्यात जा.

सासूबाई आता त्या खांबापुढे आणखी तीन खांब जातात. मशेरीच्या डबीबद्दल मात्र मी जास्त बोलत नाही. त्या पहिल्याच रांगेत बसल्या आहेत.