घरावरच्या डिशचे इंटरनेट बंद पडले तर



विहिरीवरची मोटर पाणी उचलेनाशी झाली तर आपण काय करतो? लगेच पान्हा घेऊन मोटर वर काढत नाही. आधी लाईट आहे का बघतो. मग तिन्ही फेज आहेत का, फ्यूज उडाला का, स्टार्टर धरतो का, ते बघतो. नंतर पाइपाची गळती, फूटव्हॉल्व्ह. मोटर वर काढायची पाळी सगळ्यात शेवटी. घरावरच्या इंटरनेटच्या डिशचेही अगदी असेच आहे. पण नेट बंद पडले, की घरातली तरणी मंडळी पहिल्यांदा शिडी लावून माळवदावर चढतात आणि डिश हलवून बघतात. बिघाड खाली असतो, आणि वर दुसरा तयार होतो.

आता तुम्ही म्हणाल, कृषी खात्याचा माणूस सोयाबीनची खोडमाशी सोडून आज हे काय सांगत बसला? तर त्याला कारण आहे. ई-पीक पाहणी, शेतकरी ओळख क्रमांक, महाडीबीटीवरचे अर्ज ही सगळी कामे आता नेटवर आली. पीक पाहणीच्या मुदतीचे शेवटचे दोन दिवस राहिले आणि नेट बसले, तर सातबारावर पीक चढायचे राहते. मग हमीभावाने सोयाबीन घालायला नाव नोंदवताना अडचण, अनुदानाच्या वेळी अडचण. म्हणजे बिघाड दहा मिनिटांचा आणि नुकसान हंगामाचे.

आपल्या जिल्ह्याचे नाव या कामात आधीपासून आहे. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी राज्य शासनाने स्टारलिंक कंपनीशी इरादापत्र केले. उपग्रहावरून इंटरनेट पोचवण्यासाठी त्यात गडचिरोली, नंदुरबार आणि वाशिम यांच्याबरोबर आपला धाराशिव जिल्हाही आहे. या कंपनीला दूरसंचार विभागाचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला होता. पण उपग्रहाची डिश ही काही एकाच कंपनीची मिरास नाही. बँकेच्या शाखेवर, पेट्रोल पंपावर अशा डिश बरीच वर्षे चालू आहेत. आणि गंमत बघा, १९७५-७६ साली उपग्रहावरून खेड्यात दूरचित्रवाणी दाखवायचा प्रयोग देशात झाला, तेव्हा आपल्या शेजारच्या गुलबर्गा जिल्ह्यातली गावे त्यात होती. तारेच्या जाळीची दहा फुटी डिश आणि समोर अख्खे गाव! सीमेच्या अलीकडे आपण मात्र त्यातून राहिलो होतो.

तर आधी आपली डिश कोणत्या जातीची, हे ओळखा. एका जातीची डिश आकाशात एकाच जागी थांबल्यासारख्या दिसणाऱ्या उपग्रहाकडे तोंड करून असते. तो उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंच. आपल्या टीव्हीच्या छत्रीसारखाच हा प्रकार, पण टीव्हीची छत्री नुसती ऐकते आणि ही ऐकते आणि बोलतेही. हिचे तोंड बोटभर जरी सरकले तरी संबंध तुटतो, आणि उपकरणाशिवाय ते पुन्हा जुळवता येत नाही. म्हणून हिला हात लावायचाच नाही. दुसऱ्या जातीची डिश सपाट पाटासारखी असते. तिचे उपग्रह जेमतेम ५५० किलोमीटरवर, आणि ते सारखे फिरत असतात. एक पुढे गेला, की दुसरा काम हाती घेतो. हिला एका दिशेचे नव्हे, तर डोक्यावरचे मोठे मोकळे आकाश लागते. स्टारलिंकची डिश या जातीची.

बिघाड शोधायला बसाल तेव्हा पहिला प्रश्न असा विचारा, की नेट एकाच फोनला नाही, की घरातल्या सगळ्यांना नाही? एकालाच नसेल तर दोष त्या फोनचा. फोन बंद करून चालू करा, वाय-फायचा पासवर्ड पुन्हा घाला. काम बहुधा तिथेच होते.

वाय-फायच्या पट्ट्यांनी फसू नका. पट्ट्या पूर्ण भरलेल्या दिसतात, म्हणून लोक म्हणतात, ‘‘रेंज तर फुल्ल आहे, मग नेट का नाही?’’ अहो, त्या पट्ट्या फोन आणि घरातला राऊटर यांच्यातल्या. हौदातून घरात येणारा नळ ठीक आहे, एवढेच त्यातून कळते. विहिरीतून हौदात पाणी येते की नाही, ते वेगळे. आणि उलटही होते. डिश ठणठणीत असते, पण राऊटर आतल्या खोलीत देवळीत ठेवलेला. आपल्याकडे जुन्या घरांच्या दगड-मातीच्या भिंती दोन-दोन फूट जाडीच्या. त्यातून वाय-फाय पार जात नाही. राऊटर सोप्यात, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर ठेवा. पत्र्याच्या कपाटामागे किंवा कणगीच्या आड नको.

सगळ्यांचेच नेट बंद असेल, तर वीज बघा. इथे सगळ्यात जास्त बिघाड असतात. लाईट आली म्हणजे पुरेसे नाही. व्होल्टेज कमी असले, तर बल्ब पिवळा का होईना पण लागतो, डिश मात्र नीट सुरू होत नाही. शिवाय लाईट क्षणभर जाऊन आली, तरी डिशला सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते. त्यात काही मिनिटे जातात. ज्या गावात लाईट दिवसातून दहादा डोळे मिचकावते, तिथे नेट ‘सारखे जाते’ याचे कारण आकाशात नसते, फीडरवर असते. यावर उपाय म्हणजे डिश आणि राऊटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. एकालाच घेऊन उपयोग नाही. स्टारलिंकची नेहमीची डिश साधारण ७५ ते १०० वॅट खाते, लहान डिश २५ ते ४० वॅट. दीडशे अँपिअर-तासाच्या चांगल्या बॅटरीवर दुसरे काही चालवले नाही, तर नेहमीची डिश आठ-दहा तास निघते.

वीज ठीक आहे, तरी नेट नाही, तर प्लग काढा. अर्धा मिनिट थांबा. परत लावा. आणि मग पंधरा-वीस मिनिटे काहीही करू नका. हे शेवटचे वाक्य सगळ्यात अवघड आहे. दोन मिनिटे झाली, की आपण पुन्हा प्लग काढतो, पुन्हा लावतो, आणि डिशला उपग्रह पकडायला वेळच मिळत नाही. राऊटरवर टाचणी घालून दाबायचे बारीक बटण असते, ते मुळीच दाबू नका. त्याने पासवर्ड आणि सगळी मांडणी पुसली जाते.

यानंतर केबल. डिशपासून राऊटरपर्यंत ती हाताने नाही, डोळ्याने तपासा. उंदराने कुरतडली का, वानरांनी ओढली का, दाराच्या फटीत चेंगरली का, खिळ्याखाली दाबली का. जोड सैल वाटला तर आधी प्लग काढा, मगच जोडाला हात लावा, कारण या केबलमधून वर डिशला वीजही जात असते. कापलेली केबल पिळून टेप लावायची सवय इथे चालत नाही. पंपाची वायर आणि ही केबल यात फरक आहे. ती बदलूनच घ्यावी लागते.

आता आकाश. नेट पूर्ण बंद नाही, पण दर काही मिनिटांनी क्षणभर तुटते, फोनवर बोलताना समोरच्याचे तोंड उघडे राहते आणि आवाज जातो, असे होत असेल तर सपाट डिशच्या बाबतीत पहिला संशय झाडावर घ्या. फिरता उपग्रह फांदीआड जातो तेवढा वेळ नेट तुटते. बऱ्याच जणांकडे डिश माघ-फाल्गुनात बसते, तेव्हा कडुलिंबाची पाने झडलेली असतात. चैत्रात पालवी फुटते, पावसाळ्यात झाड गच्च होते, आणि मग ‘डिश जुनी झाली’ अशी ओरड सुरू होते. कंपनीच्या अॅपमध्ये आडकाठी कुठे येते याचे चित्र दिसते, ते बघा. डिश नव्या जागी ठेवली असेल, तर ते चित्र पूर्ण व्हायला अर्धा दिवस द्या. आणि कृपा करून लिंबाच्या बुंध्याला कुऱ्हाड लावू नका. आठ-दहा फुटांचा लोखंडी खांब झाडापेक्षा स्वस्त पडतो. फक्त तो पक्का रोवा, बालाघाटावरच्या वाऱ्यात डुलता कामा नये.

पाऊस आला की काय? रिमझिम पावसाने सहसा काही होत नाही. काळा, दाट ढग डोक्यावर आला आणि धो-धो सुरू झाला, की नेट जाते. टीव्हीच्या छत्रीचा अनुभव आहेच तुम्हाला. ढग सरकला, की नेट आपोआप येते. तेवढा वेळ थांबा. विजा कडाडत असतील तेव्हा माळवदावर जायचे नाही, म्हणजे नाहीच. आपल्या मराठवाड्यात मृगाच्या आणि परतीच्या पावसात विजेने माणसे आणि जनावरे दगावतात. आभाळ भरून येताना दिसले, की आधीच प्लग काढून ठेवा. कडकडाट सुरू झाल्यावर केबलला हात लावू नका. खांबाला अर्थिंग करून घ्यायला विसरू नका.

उन्हाळ्यात भर दुपारी दोन-तीन तास नेट जाते आणि संध्याकाळी आपले आपण येते, असे झाले तर ती उष्णता. स्टारलिंकची डिश ५० अंशांपर्यंतच्या हवेसाठी केलेली आहे. वैशाखात तापलेल्या पत्र्याला चिकटून ठेवली, तर ती स्वतःला वाचवायला बंद होते. पत्र्यापासून वर, हवा खेळेल अशी बसवा.

कधी कधी दोष आपल्या घरात नसतोच. २४ जुलै २०२५ रोजी स्टारलिंकचे जाळे जगभर सुमारे अडीच तास बंद होते, कंपनीच्याच आतल्या सॉफ्टवेअरमुळे. त्या वेळी डिश हलवणाऱ्यांनी आपलेच नुकसान केले असेल. म्हणून शेजारच्या गावात कोणाकडे तीच डिश असेल तर फोन करून विचारा. रिचार्ज संपला नाही ना, हेही बघा. हसू नका, हे पुष्कळदा निघते.

आणखी एक गोष्ट सांगतो. अर्ज भरताना नेट व्यवस्थित चालते, पण ओटीपी येत नाही. इथे डिशला दोष देऊ नका. ओटीपीचा संदेश साधारणपणे मोबाईलच्या टॉवरवरून येतो. घरात टॉवरची रेंज नसेल तर फोनमध्ये वाय-फाय कॉलिंगची सोय चालू करून बघा. नाहीतर फोन घेऊन रेंज येते त्या टेकाडावर एकाने जावे आणि दुसऱ्याने घरात अर्ज भरावा.

ज्यांनी अजून डिश घेतली नाही, त्यांच्यासाठी चार शब्द. कोणी मोटारसायकलवर येऊन ‘आगाऊ नोंदणी’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. परवाना मिळण्याआधीच नोंदणी घेतली जात होती, म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाला लोकांना सावध करावे लागले होते. डिसेंबर २०२५ मध्ये मोबाईलवर डिशचा दर फिरला, तोही कंपनीने चाचणीचा आकडा म्हणून नाकारला. दर आणि नोंदणी कंपनीच्या अधिकृत ठिकाणीच बघा. परदेशातून आणलेला संच ‘स्वस्तात’ कोणी देत असेल, तर तो घेऊ नका. तो इथल्या नियमात बसत नाही आणि कंपनी कधीही बंद करू शकते.

आज घरी गेल्यावर एक काम करा. नेट चालू असताना राऊटरवरचे कोणते दिवे कोणत्या रंगाचे आहेत, त्याचा फोटो काढून ठेवा. डिश कशी बसली आहे त्याचाही एक फोटो काढा. बिघाड झाला, की आधी ताज्या दिव्यांशी तो फोटो ताडून बघा. तरीही जमले नाही तर कंपनीला फोन करताना नेट किती वाजता गेले, लाईट होती का, पाऊस होता का, दिवे कसे आहेत आणि प्लग काढून लावून बघितला का, एवढे सांगा. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या आणि तारखेसह वहीत लिहा. पीक पाहणीची मुदत जवळ असेल तर दुरुस्तीवाल्याची वाट बघत बसू नका. शेतात नोंद केलेला फोन घेऊन रेंज असलेल्या ठिकाणी किंवा जवळच्या सेवा केंद्रावर जा, आणि माहिती पोचल्याची खूण अॅपमध्ये बघूनच परत या.